नाणं वाचता आलं, तिथंच फसलो

कामानिमित्त मदुराईला चार दिवस होतो. जुन्या नाण्यांचा नाद आहे असं लॉजवर सहज बोलून गेलो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ पुडी घेऊन हजर. "सार, रोमन. वैगै नदीतलं." संशय यायचं कारण नव्हतं. मदुराई, करूर भागात चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन तांब्याची नाणी खरंच सापडतात. मला ते ठाऊक होतं, हीच तर अडचण.

पुडीत सहा नाणी, सगळी एकाच छापाची. भिंग काढलं. एकीकडे शिरस्त्राण घातलेली रोमा (रोमची नगरदेवता) आणि 'उर्ब्स रोमा', म्हणजे 'रोम नगरी', ही अक्षरं. दुसरीकडे रोम वसवणाऱ्या दंतकथेतल्या जुळ्यांना, रोम्युलस-रेमसला, पाजणारी लांडगीण, वर दोन तारे. खाली 'टीआरपी' (वाहिन्यांचा नव्हे, आजच्या जर्मनीतल्या ट्रियर टांकसाळीचा पहिला विभाग). म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, इ.स. 330 नंतरचं. मी हरखून त्याच्यासमोरच हे सगळं वाचून दाखवलं आणि त्यानं तिथल्या तिथं भाव वाढवला. 9 हजार मोजले. वर त्यानं एक झिजलेलं, काळं, मसुराच्या डाळीहून जरासं मोठं नाणं फुकट दिलं. "बिल नको सार, कलेक्टर..." एवढंच म्हणून तो थांबला. जमिनीत सापडलेलं 10 रुपयांवरचं धन कलेक्टरला कळवावं लागतं, हा 1878 चा कायदा मलाही माहीत होता. तरी गप्प बसलो. खऱ्या मालाची भीती घालून खोटा माल विकला त्यानं.

घरी येऊन सहाही नाणी ओळीनं मांडली. तिघांत लांडगिणीचं शेपूट कडेला एकाच जागी तुटलेलं, रोमाच्या मानेमागे तीच चीर. ठसा एक असला तर चित्र सारखं येईल. पण चीर पडते नाणं वापरात फिरताना, ती तीन नाण्यांवर केसभरही न हलता कशी येईल? शाडूचे गणपती काढावेत तशी साच्यातून काढलेली! जुळ्यांचं नाणं स्वतःच तिळं निघालं. उरलेली तीन दुसऱ्या साच्यातली. कडेवरून नख फिरवलं तर कानशीनं घासलेली शिवण लागली, भिंगाखाली बुडबुड्यांचे खड्डे दिसले. खरी नाणी ठोकून पाडलेली असतात, त्यांना शिवण कुठली? बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून फिरवला, तर 'गंज' कापसावर उतरला. तिचा टोमणा इथं देत नाही.

गंमत म्हणजे माझं वाचन अचूक होतं. नक्कल खऱ्या नाण्यावरून केलेली, त्यामुळे अक्षरं, तारे, टांकसाळ सगळं कॅटलॉगबरहुकूम. एकाच छापाची नाणी कुणी दाखवली तर अक्षरांकडे नंतर वळा, आधी ओरखडे शेजारी ठेवून बघा. आणि भिंगातून काय दिसतंय ते विकणाऱ्याला सांगू नका.

ते फुकटचं नाणं मात्र रिमूव्हरला बधलं नाही. तिरप्या उजेडात कैद्याला ओढत नेणारी विजयदेवता अंधूक दिसते. मदुराईकडे सापडणाऱ्यांत हा छाप नेहमीचा. टांकसाळीची अक्षरं तेवढी कडेबाहेर गेलीत.