२०-६०×८० अँगल्ड स्पॉटिंग स्कोप, भूशिरावर दिवसभर

स्पॉटिंग स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर बसवून एका डोळ्याने बघायची दुर्बीण. त्याच्या खोक्यावर ६० हा सर्वात जास्त पटींचा आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो आणि बरेच जण त्याच्याकडे बघूनच स्कोप घेतात. भूशिराच्या टोकावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की त्या आकड्याचा रुबाब दहा मिनिटांत उतरतो. वारा सुटला की ३५ पटींच्या वर पक्षी थरथरायला लागतो, आणि ऊन चढलं की २५ पटींनाही पंखांची कडा पाण्यासारखी हलते. त्यामुळे हा स्कोप २०-३५×८० (२० ते ३५ पटी, ८० मिमीचं भिंग) समजूनच घ्यावा. वरचे आकडे पहाटे, वारा पडलेला असताना कड्यावर बसलेल्या बहिरी ससाण्यासाठी. एवढं मान्य असेल तर तीन-चार मित्रांत मिळून वापरायला ही वस्तू उत्तम आहे.

६० पटींना चित्र काळवंडतं याला दर वेळी काच जबाबदार नसते. भिंगाच्या व्यासाला पटींनी भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते: २० पटींना ४ मिमी, ४० ला २, ६० ला जेमतेम १.३. ढगाळ सकाळी एवढ्यात काय दिसणार? ६५ मिमीचा स्कोप हलका असतो, पण त्यात ४० पटींनाच १.६ मिमीवर यावं लागतं. चढ लांबचा असेल तरच तो बरा.

खरी तक्रार झूमच्या आयपीसबद्दल, म्हणजे डोळा लावायच्या, पटी बदलता येणाऱ्या भिंगाबद्दल. २० पटींना १००० मीटरवर साधारण ३५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, ६० ला त्याच्या निम्मा. ८×४२ दुर्बिणीत हाच पट्टा १३० मीटरच्या आसपास असतो. ३० पटींचा फिक्स वाइड (पटी न बदलणारा, रुंद चित्राचा) आयपीस जवळजवळ झूमच्या २० पटींएवढं क्षेत्र देतो, वर पक्षी दीडपट मोठा. समुद्रावरून जाणारे पक्षी हाच मुख्य बेत असेल आणि आयपीस बदलता येत असेल, तर आमचं मत फिक्सला. शिअरवॉटर हा समुद्रपक्षी ताठ पंखांनी लाटेच्या उतारावरून तिरका सरकतो, एकदा पोटाची बाजू दाखवतो, एकदा पाठीची, आणि लाटेआड जातो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. तेवढ्यात झूमची कडी फिरवत बसलात तर पुढच्या लाटेची वाट बघा.

शोधायची रीत ठरलेली असावी. चौकटीत वर एक भाग आकाश आणि खाली दोन भाग पाणी येईल असं क्षितिज बसवायचं, मग पक्षी ज्या दिशेने जात असतील त्याच्या उलट सावकाश फिरवायचं. समुद्रसपाटीपासून डोळा २५ मीटरवर असेल तर क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर असतं, पण ओळख पटण्याजोगा पक्षी बहुधा दोन-तीन किलोमीटरच्या आतलाच. सुरयांचा थवा अचानक विस्कटून ओरडायला लागला तर त्यांच्या मागे स्कुआ (त्यांचं भक्ष्य हिसकावणारा समुद्रपक्षी) आहे का ते आधी बघावं.

ट्रायपॉडमध्ये काटकसर केली की स्कोपचे पैसे पाण्यात. आयपीससह स्कोप दीड ते दोन किलोचा, म्हणून खालचे पायही तेवढेच दणकट हवेत. मधली दांडी वर काढू नये, तिथूनच थरथर सुरू होते. पायांचे वरचे जाड टप्पे आधी उघडायचे, खालचे बारीक शेवटी, तेही गरज पडली तरच. एक पाय वारा जिकडे वाहतो त्या बाजूला ठेवला की झोताने स्कोप सहज कलंडत नाही. हुकला पिशवी लटकवायची तर तिचं बूड जमिनीला टेकलेलं हवं. अधांतरी पिशवी झोके घेते आणि भलतंच होतं. सगळ्यात सोपं म्हणजे पाय आखूड करून खाली बसणं. तापलेल्या कातळावरून नजर जाणार नाही असं कडेजवळ बसावं, पण ठिसूळ कडेपासून अंतर राखून.

अँगल्डचा, म्हणजे आयपीस वर कललेल्या स्कोपचा, फायदा बसल्यावर आणि गटात कळतो. सगळ्यात बुटक्याच्या डोळ्याला उंची लावली की बाकीचे वाकून बघतात, ट्रायपॉड हलवावा लागत नाही. तोटे दोन. निशाणा धरायला वेळ लागतो, त्यावर उपाय म्हणजे नळीवर केबल टाय आवळून त्याचं टोक नेमासारखं उभं ठेवणं. दुसरा, आयपीस आकाशाकडे तोंड करून असतो, तुषार थेट त्यात पडतात. बघणारा बाजूला झाला की टोपण लागलंच पाहिजे. चष्मेवाल्यांनी आयकप (आयपीसभोवतीची कडा) खाली करावा आणि घेताना आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसेल असं डोळा आणि आयपीसमधलं अंतर, १५ मिमीच्या वर आहे ना ते पाहावं.

पाळी बदलताना फोकसवरून वाद होणारच, कारण प्रत्येकाची नजर वेगळी. स्कोपवरच्याने "बोयाच्या उजवीकडे दोन फील्ड, क्षितिजाच्या किंचित खाली, डावीकडे चाललाय" असं सांगायचं (फील्ड म्हणजे स्कोपमध्ये एका वेळी दिसणारी रुंदी). "तो बघ, तिकडे" याने कोणालाच काही दिसत नाही.

वॉटरप्रूफ म्हणजे मीठप्रूफ नव्हे. वाळलेले मिठाचे कण कोरड्या कापडाने पुसले की कोटिंगवर ओरखडे पडतात. आधी ब्लोअरने फुंकर, मग गोड्या पाण्याने ओलं केलेलं मऊ कापड, न दाबता. ट्रायपॉडचे पाय त्याच संध्याकाळी पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवावेत आणि उघडेच वाळू द्यावेत, नाहीतर पुढच्या खेपेला लॉक करकरतात. भिंगावर बाहेरून धुकं धरलं तर पंधरा-वीस मिनिटांत आपोआप जातं. ते आतून धरलं असेल तर सील गेलं आहे, घरी खोलू नये, सरळ दुरुस्तीला द्यावं.