ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर: लेकीसोबत वापरून पाहिलं, सविस्तर अनुभव

आमची लेक १५ वर्षांची आहे आणि गेलं वर्षभर घरात एकच प्रश्न, पुढे काय करणार. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला हेच विचारायचा आणि ती दर वेळी वेगळं उत्तर द्यायची, म्हणजे समोरच्याला बरं वाटेल ते. शेवटी म्हटलं नुसतं बोलत बसण्यापेक्षा निदान काहीतरी आधार असलेली टेस्ट करून बघू, आणि शोधता शोधता हे ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर सापडलं, म्हणजे कुठल्या प्रकारची कामं आवडतात ते सांगणारी ऑनलाइन प्रश्नावली. अमेरिकेच्या कामगार खात्याने तयार करून घेतलेलं आहे, माय नेक्स्ट मूव्ह नावाच्या साइटवर मिळतं, पूर्ण फुकट, लॉगिन नाही, फोन नंबर मागत नाहीत, त्यामुळे नंतर कोणी फोन करून मागे लागत नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण याच्या आधी आम्ही एक वाईट अनुभव घेतलाय.

तो आधी सांगते. एका ठिकाणी (नाव घेत नाही) बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगतात म्हणून आम्ही गेलो. जाडजूड रंगीत फाइल हातात दिली, त्यात मेंदूचा कुठला भाग किती टक्के वगैरे, आणि एका पानावर सरळ लिहिलेलं की हिने गणिताच्या वाटेला जाऊ नये. पुढचे कितीतरी दिवस पोरगी गणिताचं पुस्तक उघडलं की म्हणायची, आई माझ्या बोटांतच नाहीये गं ते. मला अजून त्याचा राग येतो. अहो ठसे बाळ पोटात असतानाच तयार होतात आणि जन्मभर तसेच राहतात, आवड, अभ्यास, सराव हे सगळं तर नंतर घडतं ना, मग ठशात ते दिसणार कुठून? याला शास्त्रीय आधार नाही हे मी पैसे भरल्यावर वाचलं, तुम्ही आधीच वाचा.

तर आता प्रोफायलरबद्दल. आम्ही ६० प्रश्नांचं भरलं, ३० प्रश्नांचं छोटंही आहे. प्रश्न म्हणजे एकेक काम दिलेलं असतं आणि ते करायला किती आवडेल ते पाच पायऱ्यांवर सांगायचं, अजिबात नाही पासून खूप आवडेल पर्यंत. कामं एकदम साधी भाषेत आहेत, स्वयंपाकघरातली कपाटं बनवणं, वीट किंवा फरशी बसवणं, नवीन औषध तयार करणं, पाण्याचं प्रदूषण कमी कसं होईल याचा अभ्यास, पुस्तक किंवा नाटक लिहिणं, दुकान चालवणं, कागदपत्रांतल्या चुका तपासणं, असं. सुरुवातीलाच सूचना असते की या कामासाठी लागणारं शिक्षण आपल्याकडे आहे का, पैसे किती मिळतील, याचा विचार आत्ता करू नका, फक्त आवडेल का एवढंच बघा. ही एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली कारण आमच्या घरात आवडीचा प्रश्न कधी पैशाशिवाय विचारलाच गेला नव्हता.

एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कपाटं बनवण्याच्या प्रश्नावर ती थांबली आणि मला विचारते, मुली करतात का हे? मी म्हटलं तुला करावंसं वाटतं का ते सांग. तिने "आवडेल" वर टिक केलं. नंतर वाचनात आलं की लिंडा गॉटफ्रेडसन म्हणून संशोधक आहेत, त्यांनी १९८१ मध्येच मांडलंय की मुलं साधारण ६ ते ८ वर्षांच्या वयातच हे काम मुलांचं ते मुलींचं असं ठरवून कितीतरी कामं मनातून खोडून टाकतात, आणि मग त्यांचा परत कधी विचारच करत नाहीत. म्हणजे आपण १५ व्या वर्षी विचारतो तेव्हा अर्धी यादी आधीच गेलेली असते.

निकाल सहा आकड्यांत येतो. यामागे जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञांची मांडणी आहे, १९५९ पासूनची. हाताने करायची कामं, शोध घेण्याची, कलेची, लोकांना मदत करण्याची, लोकांना पटवून पुढे नेण्याची आणि नीटनेटक्या पद्धतीने नोंदी-आकडे सांभाळायची, अशा सहा आवडी. प्रत्येकीला ० ते ४० गुण. या सहा आवडी एका षटकोनाच्या कोपऱ्यांवर मांडतात, शेजारच्या दोन एकमेकींच्या जवळच्या आणि समोरासमोरच्या सगळ्यात लांबच्या. आमच्या लेकीचं काय झालं, तर पहिला नंबर कलेचा आणि दुसरा नोंदी सांभाळण्याचा, म्हणजे बरोबर समोरासमोरचे दोन कोपरे! मला वाटलं चुकलंय काहीतरी. चार दिवसांनी पुन्हा भरायला लावलं, आकडे थोडे हलले पण वरचे दोन तेच. मग विचार केला तर पटलं, ही पोरगी चित्रं काढते आणि रंगाच्या पेन्सिली रंगाच्या क्रमाने लावून ठेवते, लहानपणापासून, कोणी सांगितलेलं नाही. आम्ही तिला कायम "एकतर कलाकार हो नाहीतर ऑफिसात जा" असं दोन टोकांत बघत होतो, दोन्ही एकाच कामात असू शकतं हे डोक्यात आलंच नाही.

पुढे साइट विचारते की तयारी किती करायची आहे, त्याच्या १ ते ५ पायऱ्या आहेत, १ म्हणजे फारशी तयारी लागत नाही आणि ५ म्हणजे खूप वर्षं शिकायचं. इथे घाई करू नका. आम्ही आधी ५ घेतलं, मग ३, मग ४, आणि दर वेळी कामांची वेगळी यादी येते. अर्ध्याहून जास्त कामांची नावं मी आयुष्यात ऐकलेली नव्हती, आणि ओ-नेटमध्ये, म्हणजे यामागच्या कामांच्या माहितीसाठ्यात, तर ९०० च्या वर कामं आहेत. एकेका कामाचं पान उघडलं की रोज नक्की काय करतात, काय ज्ञान लागतं, कुठली सॉफ्टवेअर वापरतात, शिक्षण किती, हे सगळं एका पानात. आम्ही तीन संध्याकाळी नुसतं वाचत बसलो होतो.

याची किंमत मला एका आकड्यामुळे कळली. पिसा म्हणून अनेक देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांची एक चाचणी असते, २०१८ च्या चाचणीत त्यांना विचारलं होतं की ३० व्या वर्षी काय काम करत असाल, तर ४१ देशांत ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुलींनी त्याच त्या लोकप्रिय १० कामांपैकी एक सांगितलं. दहा! जगात एवढी कामं असताना. पोरांना आवड नसते असं नाही, त्यांना नावंच माहीत नसतात.

आता काय कमी आहे ते. पहिलं म्हणजे हे फक्त आवड सांगतं, जमेल का ते नाही, आणि तसा दावाही ते करत नाहीत. गाणं आवडणं वेगळं आणि गळा असणं वेगळं, तेवढा फरक पोरांना बसून समजवावा लागतो. दुसरं, पगार आणि मागणीची माहिती अमेरिकेची आहे, ती सरळ बाजूला ठेवा आणि आपापल्या देशाचं वेगळं शोधा. तिसरं, आम्ही इंग्रजीत भरलं (स्पॅनिशमध्ये पण आहे), मराठीत नाही, त्यामुळे मी शेजारी बसून शब्द सांगत होते आणि पहिल्या वेळी माझ्या चेहऱ्याकडे बघून ती उत्तरं देतेय हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या वेळी मी खोलीबाहेर बसले, अडलं की हाक मार म्हटलं. तुम्ही पण असंच करा. आणि दर प्रश्नाला मधलं "सांगता येत नाही" दाबलं तर सहाही आकडे जवळजवळ सारखे येतात, मग यादीला काही अर्थ उरत नाही.

आणि हा निकाल म्हणजे पाटीवरची रेघ समजा, दगडावरची नाही. शाळेच्या वयात आवडी बऱ्यापैकी टिकतात पण जास्त पक्क्या होतात त्या १८ नंतरच्या काही वर्षांत, तेव्हा दोन-तीन वर्षांनी पुन्हा भरून बघायला हवं, आम्ही तारीख घालून प्रिंट काढून ठेवलीय.

ज्यांना समुपदेशकाकडे जायचंय त्यांनी जरूर जावं, मी विरोधात नाही. फक्त रिपोर्ट देऊन दहा मिनिटांत उठवणारा नको, मुलाशी एकट्याने बोलणारा, आणि "हे कर" म्हणण्याआधी "तू हे काम करताना कोणाला बघितलंयस का" असं विचारणारा हवा. १९०८ मध्ये बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना काम निवडायला मदत करणारं पहिलं केंद्र काढलं तेव्हाच त्यांनी सांगितलेलं, आधी स्वतःला ओळखा, मग कामं ओळखा, मग दोन्ही शेजारी ठेवून नीट विचार करा. प्रोफायलर पहिल्यात चांगली मदत करतं, दुसऱ्यात सुरुवात करून देतं, तिसरं आपल्याला बसूनच करावं लागतं, त्याला पर्याय नाही.

आम्ही यादीतून पाच कामं निवडली आणि त्यातलं मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्या ओळखीतल्या एक ताई आहेत त्यांना विचारलं, लेकीला एक दिवस शेजारी बसू द्याल का. त्या लगेच हो म्हणाल्या. दिवसभर एका पुस्तकाच्या शेवटची सूची तपासणं चाललं होतं, प्रत्येक शब्द त्याच पानावर आहे का बघायचं. मला वाटलं कंटाळून येईल. आली ती म्हणाली पाठ दुखतेय, आणि आई, तीन पानांचे नंबर चुकलेले मी शोधले, ताईंना दिसले नव्हते. मग म्हणाली पण रोज हेच करायला आवडेल का ते अजून माहीत नाही, त्या आधी मला नकाशे बनवणाऱ्यांकडे बसायचंय. ते यादीत दुसऱ्या नंबरावर आहे. आता तसं कोणी ओळखीत आहे का ते शोधतोय.

माझ्याकडून ५ पैकी ४.