चिंचिलाची पिल्लं घरात होऊ द्यावीत का? तीन पर्यायांचा तुलनात्मक आढावा

चिंचिला म्हणजे दाट, मऊ लवेचा, अँडीज पर्वतातून आलेला उंदराच्या कुळातला छोटा प्राणी. घरात तिचा एक नर आहे, एक मादी आहे, दोघांचं छान जमतं आणि "एकदा तरी पिल्लं होऊ द्या की" असं घरातलं कुणीतरी म्हणून गेलेलं आहे. किंवा चिंचिला एकच आहे, तिला सोबत हवी असं वाटतंय, पण सोबतीला नर आणावा की मादी हे ठरत नाहीये. दोन्ही ठिकाणी पर्याय तीनच उरतात. पहिला, जोडी एकत्र ठेवून पैदास करायची. दुसरा, दोन चिंचिला ठेवायच्या, पण पिल्लं होणार नाहीत अशी सोय करायची. तिसरा, आणखी एक चिंचिला हवीच असेल तर ती दुसऱ्याकडून, नीट पारखून आणायची.

माझा कल आधीच सांगून टाकतो. नर आणि मादी दोघांच्याही मागच्या दोन-तीन पिढ्यांची माहिती हातात नसेल, तर पहिला पर्याय बाद. बहुतेक घरांत ती नसतेच, त्यामुळे खरी निवड उरलेल्या दोनांतच असते. तरी पहिल्यावर सगळ्यात जास्त लिहितोय, कारण मोह त्याचाच होतो.

पर्याय एक: घरच्या जोडीची पैदास

उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. चिंचिलाला साधारण 111 दिवस लागतात. एका वेतात बहुधा एक ते तीन पिल्लं, सरासरी दोन. ती जन्मतात तीच अंगावर लव, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊन. वजन 35 ते 60 ग्रॅम. काही तासांत पिंजऱ्यात तुरुतुरु पळायलाही लागतात. बघायला हे फार गोड असतं, पण आईच्या बाजूने पाहिलं तर अर्धा-पाऊण किलोच्या जिवाने जवळपास पूर्ण वाढलेलं पिल्लू बाहेर ढकलायचं असतं. पोटात एकच पिल्लू असेल तर ते मोठं होतं आणि अडतं. पिल्लू आडवं असलं तरी तेच.

अडलेल्या मादीला मदत करणं घरच्या माणसाच्या हातात नसतं. कळा देऊन तीन-चार तास झाले आणि पिल्लू आलं नाही, तर सिझेरियन लागू शकतं. चिंचिलाला भूल देऊन सिझेरियन केलेला व्हेट (जनावरांचा डॉक्टर) सहज सापडत नाही. मादी बहुतेक वेळा पहाटे किंवा सकाळी लवकर विते, म्हणजे दवाखाने बंद असतात तेव्हा. म्हणून पैदास करण्याचा विचार असेल तर पहिला प्रश्न हा: पहाटे पाच वाजता फोन उचलेल आणि चिंचिलाचं पोट उघडू शकेल असा डॉक्टर तुमच्या ओळखीचा आहे का? नसेल तर पुढचं सगळं नशिबावर.

बाळंतपण सुखरूप झालं तरी काम संपत नाही. आईला दूध कमी असेल आणि पिल्लं तीन असतील, तर ती एकमेकांशी भांडतात. दात जन्मतःच असल्यामुळे भावंडांची तोंडं ओरबाडली जातात, आईच्या सडांना जखमा होतात, आणि दुखायला लागलं की आई पाजायचं टाळते. हे वेळेत कळायचं तर रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक पिल्लू एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवावं लागतं. पहिल्या दिवशी वजन थोडं उतरलं तर चालतं. त्यानंतरही चढत नसेल, पिल्लू पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसलं असेल, शेपटी खाली लोंबत असेल, तर वरचं दूध पाजायची वेळ आली. तेही दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, आणि थेंब थेंब, कारण घाई केली तर दूध फुफ्फुसात जातं. नोकरी करणाऱ्या माणसाने हे आधीच मनाशी तपासून बघावं.

यात आणखी एक फसगत आहे. व्याल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणजे नर त्याच पिंजऱ्यात असेल तर आई एका वेताला पाजत असतानाच दुसऱ्याची गाभण. "एकदाच होऊ द्यायचंय" म्हणणाऱ्यांची गाडी इथे घसरते. नर बाजूला काढावा तर तोही वाईट बाप नसतो. पिल्लांना अंगाखाली घेऊन ऊब देतो, आई खायला गेली की राखण करतो. पण दोन्ही एकदम मिळत नाही. प्रसूतीआधी नर वेगळ्या पिंजऱ्यात, हाच सुरक्षित मार्ग.

आता हिशेब. वर्षाला दोन वेतं, प्रत्येकी दोन पिल्लं धरली तर पाच वर्षांत वीस. पाळलेली चिंचिला 10 ते 15 वर्षं सहज जगते, काही 20 पर्यंतही जातात. वीस जणांना इतकी वर्षं थंड खोली, वाळलं गवत, धूळस्नान (लव साफ राहावी म्हणून बारीक धुळीत लोळणं) आणि दातांचा इलाज पुरवणारी घरं शोधायची. ओळखीतली दोन-तीन घरं पहिल्याच वेतात संपतात. नर पिल्लं दोन महिन्यांच्या आसपास आई-बहिणींपासून वेगळी करावी लागतात, कारण काही तीन-चार महिन्यांतच वयात येतात. तोवर घर मिळालं नाही, तर तुमच्याकडे आणखी एक पिंजरा वाढतो.

दात: जो दोष विकत घेताना दिसत नाही

माझ्या मते पैदाशीच्या विरोधातलं सगळ्यात वजनदार कारण हे आहे.

चिंचिलाचे सगळेच दात, पुढचे आणि दाढाही, आयुष्यभर वाढत राहतात. चावून झिजतात म्हणून बेतात राहतात. जबड्याची ठेवण किंवा झीज बिघडली की दाढांना धारदार कडा येऊन त्या जीभ आणि गाल सोलतात. त्याहून वाईट म्हणजे मुळं उलटी वाढत जातात, खालची जबड्याच्या हाडात आणि वरची डोळ्याच्या दिशेने. हनुवटी ओली, पुढचे पंजे लाळेने चिकट, एका डोळ्यातून पाणी, गवत सोडून मऊ दाण्याकडे कल, अशी लक्षणं दिसतात. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर कधी कधी हाडावर बारीक उंचवटे लागतात, ती आत घुसलेली मुळं. मुळं एवढी गेली की बरं करण्यासारखं फारसं उरत नाही. व्हेटकडून दात घासून घेऊन वेदना काही काळ कमी ठेवता येतात, आणि पुढे कधीतरी प्राण्याला शांतपणे जाऊ देण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

हा आजार काही अंशी खाण्यामुळे होतो, गवत कमी आणि दाणा जास्त. काही घराण्यांत तो रक्तातूनही उतरतो. घात असा की तो दिसायला तीन-चार वर्षं लागू शकतात. तोवर त्या नराची किंवा मादीची सात-आठ पिल्लं जगभर गेलेली असतात, आणि त्यांचीही पिल्लं झालेली असतात. समोरचे दात बघून काही कळत नाही. निरोगी चिंचिलाचे पुढचे दात पिवळट-नारिंगी असतात, तेवढं बघावं, पण मुळांचा अंदाज येतो तो डोक्याच्या एक्स-रेने. म्हणूनच मागच्या पिढ्यांचा आग्रह. आजी-आजोबा आठ-दहा वर्षांचे होऊन अजून कडक गवत चावत असतील, तर त्याची सर कुठल्याच प्रमाणपत्राला नाही.

दुकानातून एकाच दिवशी आणलेली जोडी सख्खी भावंडं असण्याची शक्यता वेगळीच. घरच्या घरी पैदास करणाऱ्यांपैकी अनेकांना हा प्रश्न पडतही नाही.

रंगांचा मोह

मूळ राखाडी चिंचिलाखेरीज पांढरा, बेज, व्हेल्व्हेट (पाठीवर गडद मखमली छटा), व्हायोलेट असे रंग आहेत. त्यातले बरेचसे विसाव्या शतकाच्या मध्यात फरसाठीच्या फार्मांवर अचानक उपजले आणि कातड्याला भाव येतो म्हणून जपले गेले. दोन रंगांच्या बाबतीत जोडी लावताना चूक परवडत नाही. व्हेल्व्हेटचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तर गर्भ जगत नाही. पांढऱ्याचंही तसंच. व्हेल्व्हेट-व्हेल्व्हेट जोडी लावली की सरासरी चारातला एक गर्भ गेलाच. तो बहुधा सुरुवातीलाच विरतो, तुम्हाला फक्त वेत लहान झालेलं दिसतं.

बरं, यात मिळतं काय? व्हेल्व्हेटला साध्या राखाडीशी जोडलं तर निम्मी पिल्लं व्हेल्व्हेट होतात. व्हेल्व्हेटशीच जोडलं तर जगलेल्यांतली दोन तृतीयांश. एवढ्या फरकासाठी पाव वेत गमावायचं. पांढरा आणि व्हेल्व्हेट एकमेकांशी चालतात, पण पांढऱ्या अंगात व्हेल्व्हेट लपतो. पुढच्या पंजांवरच्या तिरप्या गडद पट्ट्या ही त्याची खूण, आणि पांढऱ्यात ती इतकी पुसट असते की नवख्या नजरेला सापडत नाही. "रंग बघून जोडी लावली" यावर म्हणूनच भागत नाही, आईबापांचे रंगही माहीत हवेत.

पर्याय दोन: दोघं राहू देत, पिल्लं नकोत

नर-मादीचं खरंच गूळपीठ असेल आणि त्यांना तोडायचं नसेल, तर नराचं खच्चीकरण हा उपाय आहे. भुलेचा धोका असतोच, छोट्या प्राण्यांत थोडा जास्तच. पण तो एकदाच घ्यावा लागतो, आणि मादीने दर वेताला घ्यायच्या धोक्याशी तुलना केली तर मला तो पटतो. शस्त्रक्रियेनंतर नर लगेच निर्धोक होत नाही. काही आठवडे त्याला वेगळंच ठेवायचं, किती ते व्हेटकडून नक्की करून घ्यायचं. मादीची शस्त्रक्रिया मोठी असते, त्यामुळे सहसा नरावरच काम भागवतात.

दुसरी सोय म्हणजे दोन नर किंवा दोन माद्या. भावंडं असतील तर बरंच सोपं जातं. अनोळखी असतील तर पिंजरे शेजारी ठेवून, धूळस्नानाची भांडी अदलाबदल करून एकमेकांच्या वासाची सवय लावावी लागते. आठवडे जातात, कधी महिने, आणि कधी जमतच नाही. चिंचिलात मादी बहुधा नराहून मोठी आणि वरचढ असते. न पटलेल्या दोघी एकमेकींना जिवानिशी मारू शकतात. म्हणून दुसरा पिंजरा कायम तयार ठेवावा, जागा असो वा नसो.

"दोन माद्या" म्हणून आणलेल्या खरंच माद्या आहेत का, हे घरी पोचल्या पोचल्या तपासा. मादीचा मूत्रमार्गाचा उंचवटा नराच्या अवयवासारखाच दिसतो, त्यावरून फसायला होतं. फरक अंतरात आहे. नरात तो भाग आणि गुदद्वार यांच्यामध्ये स्पष्ट मोकळी जागा असते, मादीत जवळजवळ नसतेच.

पर्याय तीन: बाहेरून आणणं

इथे दोन दारं आहेत. एक, कुणाला तरी सोडावी लागलेली मोठी चिंचिला. लोक "लहान असतानाच सवय होते" म्हणून पिल्लूच मागतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. चार-पाच वर्षांच्या चिंचिलाचे दात कसे निघाले, स्वभाव कसा आहे, अंगावरची लव चावायची खोड आहे का, हे सगळं समोर असतं. पिल्लात ते सगळं गुलदस्त्यात. माणसाळायला वेळ लागेल, काही कधीच हातात घेऊ देणार नाहीत, हे मात्र धरून चालावं.

दुसरं दार नोंदी ठेवणाऱ्या ब्रीडरचं, म्हणजे पैदास करून विकणाऱ्याचं. त्याला पारखायला माझे प्रश्न दोनच. निवृत्त झालेल्या माद्या कुठे आहेत? आणि आठ वर्षांनी मला सांभाळणं जमलं नाही तर परत घ्याल का? पहिल्यावर तो तुम्हाला म्हाताऱ्या माद्या दाखवायला घेऊन गेला आणि दुसऱ्यावर "कधीही" म्हणाला, तर पुढचं बोलावं. तुमच्या खोलीचं तापमान विचारणारा, आणि ते 25 अंशांच्या वर जातं म्हटल्यावर नकार देणारा ब्रीडर तर हमखास चांगला. दाट लवेमुळे या प्राण्याला उष्माघात पटकन होतो, हे तो जाणतो. नर-मादी एकाच पिंजऱ्यात कोंबलेल्या ठिकाणाहून मात्र काही आणू नये. तिथली मादी कदाचित आधीच गाभण असते, आणि साडेतीन महिन्यांनी तुम्ही न निवडलेला पहिला पर्याय घरात हजर होतो.

"पण प्रजाती नष्ट होतेय ना?"

होतेय. जंगली चिंचिलाच्या दोन्ही जाती धोक्यात आहेत. 1910 मध्ये अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिली आणि पेरू यांनी शिकारीवर बंदीचा करार केला तोवर अँडीज पर्वत जवळपास रिकामा झाला होता. चिलीत इयापेलजवळ 1983 पासून त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र आहे. पण घरची पिल्लं त्या डोंगरात जाणार नाहीत. पाळीव चिंचिलांतल्या बहुतेक जणी 1923 मध्ये मॅथियस चॅपमन या खाणअभियंत्याने कॅलिफोर्नियात नेलेल्या मोजक्या अकरा जनावरांच्या वंशातल्या मानल्या जातात. पुढे त्यांची निवड फरसाठी झाली. तेव्हा पैदाशीला हे कारण जोडू नये.

नर-मादी आज एकत्रच असतील तर

निर्णय लांबवा, पण पिंजरे आजच वेगळे करा. आजपासून 111 दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करा, त्यात थोडे दिवस पुढे-मागे धरा. मादीचं वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर घ्या. सलग चढत गेलं तर ती गाभण आहे असं समजून उंच फळ्या काढून टाका. पिंजऱ्याच्या गजांमधलं अंतरही तपासा, कारण नवजात पिल्लू त्यातून सहज निसटतं. पोट चाचपून बघू नका, ते व्हेटला करू द्या. व्याल्यावर आठवडाभर धूळस्नान बंद ठेवा, म्हणजे जखमेत धूळ जाणार नाही. आणि पहाटे फोन उचलणारा डॉक्टर शोधायचं काम उद्यावर टाकू नका.