मेसिओ पार्करचा एकच अल्बम घ्यायचा, तर कोणता?

अमेरिकन फंक (ठेक्यावर उभं असलेलं नाचाचं संगीत) गायक जेम्स ब्राउनच्या गाण्यांतला तो अल्टो सॅक्सोफोन कानात बसला आणि आता मेसिओ पार्करचं स्वतःचं काही ऐकायचंय, असं म्हटलं की दहापैकी नऊ जण 'लाइफ ऑन प्लॅनेट ग्रूव्ह' सुचवतात. सल्ला वाईट अजिबात नाही. तरीही पैसे एकाच अल्बमवर घालायचे असतील, तर त्याआधी 1990 चा 'रूट्स रिव्हिजिटेड' नीट ऐकून बघा, असं मी म्हणेन. दोन्ही माझ्याकडे आहेत. पुन्हा पुन्हा लावला जातो तो एकच.

दोन्हींत ब्राउनच्या बँडमधलं ते जुनं त्रिकूट आहे: मेसिओ, ट्रॉम्बोनवर फ्रेड वेस्ली, टेनर सॅक्सोफोनवर पी वी एलिस. गिटारवरही दोन्हीकडे रॉडनी जोन्सच. खरा फरक ऑर्गन आणि ड्रम्समध्ये आहे, आणि त्याहून जास्त जागेत. 'प्लॅनेट ग्रूव्ह' हे 1992 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात, श्टाटगार्टनमध्ये झालेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग. ऑर्गनवर लॅरी गोल्डिंग्ज, ड्रम्सवर केनवुड डेनार्ड, शिवाय नेदरलँड्सची सॅक्सोफोनवादक कँडी डल्फर आणि गायिका किम मझेल या पाहुण्या. सुरुवातीचं 'शेक एव्हरीथिंग यूव्ह गॉट' सोळा मिनिटांच्या घरात जातं. ठेका असा पकडतो की पाय आपोआप हलायला लागतो. घरी चार माणसं जमली असतील, स्पीकर दणदणीत असेल, तर हाच लावावा. त्यात दुमत नाही.

माझी अडचण एकटं बसून ऐकताना सुरू होते. हेडफोन लावावेत, सॅक्सोफोनचा सूर नुकताच कुठे पकडीत यावा, आणि पुन्हा 'शेक एव्हरीथिंग'चा घोष सुरू व्हावा. 'पास द पीज'मध्ये तेच, शेवटच्या 'सोल पॉवर'मध्ये तेच. श्टाटगार्टनमध्ये समोर उभ्या असलेल्या माणसाला तो घोष हवाच असणार, तोही त्यात ओरडत असणार. मी मात्र सॅक्सोफोन परत कधी येतो याची वाट बघत बसतो. एकदा हे खटकलं की खटकतच राहतं. सोलो कमी आहेत असं मुळीच नाही, भरपूर आहेत. पण मेसिओ तिथे यजमानही आहे: गातो, लोकांना गायला लावतो, पाहुण्यांना पुढे करतो. या सगळ्यातून उरलेल्या जागेत तो वाजवतो.

हे मला इतकं का लागतं, तर या माणसाने त्याआधीची पंचवीसेक वर्षं नेमकी हीच वाट बघितली होती. 1964 मध्ये तो ड्रमर भाऊ मेल्व्हिनबरोबर ब्राउनच्या बँडमध्ये आला. ब्राउन गाता गाता 'मेसिओ!' अशी हाक द्यायचा, हा पुढे येऊन काही ओळी वाजवायचा आणि परत रांगेत जायचा. त्या छोट्या जागेत त्याने जे केलं त्यावर फंकचे सॅक्सोफोनवादक आजही शिकतात. 1970 मध्ये तो ब्राउनचेच साथीदार घेऊन बाहेर पडला, 'ऑल द किंग्ज मेन' हा स्वतःचा बँड काढला, पण तीन वर्षांत परत ब्राउनकडे गेला. 1974 च्या 'अस!' अल्बमवर नाव 'मेसिओ अँड द मॅक्स' असं असलं, तरी निर्माता ब्राउनच होता. पुढे पार्लमेंट-फंकाडेलिक हा दुसरा फंक बँड, तिथे हुकूम जॉर्ज क्लिंटनचा.

'रूट्स रिव्हिजिटेड'मध्ये त्याला हाक मारणारं कोणी नाही. पहिलंच रे चार्ल्सचं 'देम दॅट गॉट', आणि सॅक्सोफोन घाई न करता बोलायला लागतो. ऑर्गनवर डॉन पुलन. हा मूळचा पियानोवादक, जॅझचा बेसवादक आणि रचनाकार चार्ल्स मिंगसच्या बँडमध्ये वाजवलेला, त्यामुळे इथे मिंगसचं 'बेटर गेट हिट इन यो सोल' येतं ते नुसतं शोभेला येत नाही. बिल स्टुअर्टचे ड्रम्स हलके आहेत, सुराला जागा देणारे.

निवड करण्याआधी एक प्रयोग जरूर करा. 'चिल्ड्रन्स वर्ल्ड' ही मेसिओची संथ रचना दोन्ही अल्बमवर आहे. 'रूट्स'मध्ये ती दुसरीच. कोलोनच्या कार्यक्रमात ती सहावी, म्हणजे क्रमाने ऐकत गेलात तर तिथे पोचायला जवळजवळ पाऊण तास. आधीचं गाळून थेट तिच्यावर गेलात, तर कार्यक्रमाचा चढत गेलेला रंग हातचा जातो. मी 'रूट्स'मधली ऐकतो. तिथे त्याचा स्वर सगळ्यात जवळून ऐकू येतो: सुराच्या सुरुवातीची ती खरखरीत धार, आणि ओळ संपवताना तो सोडून देतो तो श्वास. ठेक्यात वाजवणाऱ्या माणसाकडे एवढी माया आहे, हे मला तिथे कळलं.

'रूट्स'चं उणं सांगायलाच हवं. 'पास द पीज'साठी आलेल्याला पहिल्या ऐकण्यात तो मवाळ वाटेल. यात ब्लूज आहे, चर्चमधल्या गाण्याचा वास आहे, 'ओव्हर द रेनबो' आहे. फंक मागायला गेलात तर शेवटच्या 'इन टाइम'पर्यंत थांबावं लागेल. फंक गायक स्लाय स्टोनची ही रचना, आणि तिथे बेसवादक बूट्सी कॉलिन्स येतो. नाचण्यासाठी अल्बम हवा असेल, तर माझं ऐकू नका, कोलोनचाच घ्या.

पण साथीला उभा राहिलेला माणूस पुढे आल्यावर काय बोलतो हे ऐकायचं असेल, तर 'रूट्स'. आवडला तर पाठोपाठ 1991 चा 'मो रूट्स' आहे. कोलोनचा त्यानंतर घेतलात तरी चालेल, आणि तेव्हा तो घोष कदाचित मला खटकतो तितका तुम्हाला खटकणारही नाही.