ट्रंक-बेस्ड डेव्हलपमेंट, मर्ज क्यू आणि फीचर फ्लॅग: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग सविस्तर. ट्रंक-बेस्ड डेव्हलपमेंट, म्हणजे सगळ्यांनी आपले लहान लहान बदल एकाच मुख्य ब्रांचमध्ये (ब्रांच म्हणजे कोडची वेगळी शाखा) सतत मिसळत राहणं, हे जमतं, मध्यम टीमलाही जमतं, पण मर्ज क्यू (बदल रांगेत लावून तपासून घेणारी सोय) घेतली, फ्लॅग (फीचर चालू-बंद करायचे स्विच) आणले की झालं असं नाही. खरं काम आहे बदल लहान ठेवायचं आणि डेटाबेस सांभाळायचं, टूल त्यानंतर.

आम्ही पुण्यात बिलिंगचं एक वेब प्रॉडक्ट बनवतो. बॅकएंड जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), फ्रंटएंड रिअॅक्ट, टीममधले काहीजण नागपूर-कोल्हापूरहून घरूनच काम करतात. पूर्वी गिटफ्लो होतं, म्हणजे डेव्हलप ब्रांच, रिलीज ब्रांच, हॉटफिक्स ब्रांच आणि त्यावर प्रत्येकाची फीचर ब्रांच दोन-दोन आठवडे उघडी, रिलीजच्या आदल्या दिवशी सगळं एकत्र आणायचं आणि रात्री उशिरापर्यंत कॉन्फ्लिक्ट सोडवत बसायचं, त्यात कुणाची ओळ ठेवायची नि कुणाची उडवायची हे ज्यानं लिहिलं त्यालाच आठवायचं नाही. गिटफ्लो ज्या लेखामुळं सगळीकडं पसरलं तो व्हिन्सेंट ड्रीसेनचा लेख 2010 चा, आणि 2020 मध्ये त्यानंच त्या लेखाच्या वर नोंद टाकली की सतत डिप्लॉय होणाऱ्या (नवा कोड ग्राहकांपर्यंत जाणाऱ्या) वेब अॅपला याहून साधी पद्धत घ्या. तरी कितीतरी ठिकाणी नवीन माणसाला पहिल्या दिवशी तीच आकृती दाखवतात.

आता एकच मेन ब्रांच. बाकी कुठलीही ब्रांच एक-दोन दिवसांच्या वर जगू द्यायची नाही, पीआर (बदल मेनमध्ये घ्या अशी विनंती) स्क्वॉश करून, म्हणजे त्यातले सगळे कमिट एकात आणून, मर्ज, आणि अर्धवट फीचर असेल तर ते फ्लॅगच्या मागं बंद अवस्थेत प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर) जातं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो पीआरच्या आकारानं. गूगलनं त्यांचं कोड रिव्ह्यूचं गाइड सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, त्यात म्हटलंय की साधारण 100 ओळींचा बदल ठीक, 1000 ओळींचा बहुतेक वेळा फारच मोठा, आणि रिव्ह्यूला उत्तर द्यायला जास्तीत जास्त एक कामाचा दिवस. आम्ही दोन्ही जसंच्या तसं घेतलं. स्टँडअप (रोजची छोटी मीटिंग) संपला की आधी दुसऱ्यांचे पीआर बघायचे, मग आपलं काम उघडायचं. पूर्वी मोठ्या पीआरवर 'चांगलं दिसतंय' एवढीच कमेंट यायची कारण वाचणार कोण एवढं, आता त्याच माणसाकडून 'इथं सवलत आधी वजा होतेय की जीएसटी आधी लागतोय?' असे प्रश्न येतात. नवीन लोकांना सुरुवातीला तुकडे पाडायला जमत नाही, तेव्हा शेजारी बसून दाखवावं लागतं की आधी नुसतं रिफॅक्टर दे, वागणूक न बदलता, मग मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल), मग बॅकएंड, शेवटी स्क्रीन. दोन-चार वेळा एकत्र केलं की हात बसतो.

मर्ज क्यूबद्दल. गिटहबवर ती 2023 च्या जुलैमध्ये सगळ्यांसाठी आली, गिटलॅबवर अशाच गोष्टीला मर्ज ट्रेन म्हणतात. ती कशासाठी लागते ते बघा: एकानं फंक्शनच्या आर्ग्युमेंटचं नाव बदललं, दुसऱ्यानं त्याच वेळी वेगळ्या फाइलमध्ये जुन्या नावानं तेच फंक्शन वापरलं. गिटला (कोडचे बदल सांभाळणारं टूल) कॉन्फ्लिक्ट दिसत नाही, दोन्ही पीआर आपापल्या जागी हिरवे (टेस्ट पास), मर्ज झाल्यावर मेन लाल. क्यू काय करते तर पीआर रांगेत लावते, रांगेत आधी लागलेल्या पीआरसकट टेस्ट चालवते आणि पास झालं तरच मेनमध्ये घेते. सेटअप करताना एक गोष्ट लक्षात ठेवा, वर्कफ्लो फाइलमध्ये मर्ज ग्रुपचा ट्रिगर वेगळा लिहावा लागतो, तो नसेल तर चेक कधी सुरूच होत नाही आणि पीआर रांगेत ताटकळत राहतो. आणि प्रायव्हेट रिपोला हे फक्त एंटरप्राइज क्लाउड प्लॅनमध्ये मिळतं. तो नसेल तर 'मर्जआधी ब्रांच अपडेट हवी' ही सेटिंग लावा, लहान टीमचं त्यात भागतं.

पण क्यूच्या आधी टेस्ट वेगवान आणि भरवशाच्या हव्यात, नाहीतर एका फ्लेकी (कारण नसताना कधी पास, कधी नापास होणाऱ्या) टेस्टपायी पीआर रांगेबाहेर पडतो आणि त्याच्या मागच्या सगळ्यांच्या टेस्ट पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडं एक टेस्ट अशीच अधूनमधून पडायची, री-रन केली की पास. रात्री उशिरा काम करणाऱ्याच्याच वेळी पडते हे एकीच्या लक्षात आलं आणि मग उलगडा झाला. सीआयचं (आपोआप टेस्ट चालवणारं) मशीन यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागं), अॅप भारतीय वेळेवर, त्यामुळं रात्री 12 ते पहाटे 5:30 या वेळात दोघांची तारीख वेगळी. टेस्टमध्ये पायथनची साधी 'आजची तारीख' घेतलेली, कोडमध्ये टाइमझोन धरून. वरवर क्षुल्लक, पण हाच घोळ कोडमध्ये असता तर 31 मार्च संपून 1 एप्रिल लागल्यावर पहाटेपर्यंतची बिलं जुन्या आर्थिक वर्षाच्या सिरीजमध्ये गेली असती. आता तारखेच्या सगळ्या टेस्टमध्ये फ्रीझगन या लायब्ररीनं वेळ गोठवतो आणि 31 मार्चच्या मध्यरात्रीची टेस्ट मुद्दाम लिहून ठेवलीय. फ्लेकी टेस्टला री-रन करून पुढं जाऊ नका, तिकीट काढा, कारण शोधा.

लिंटरवर (कोडमधल्या चुका आणि शैली तपासणारं टूल) जास्त लिहीत नाही. फ्लेक8, आयसॉर्ट, ब्लॅक तिन्ही काढून रफ हे एकच टूल घेतलं, ते इतकं झटपट चालतं की प्री-कमिटला (कमिटआधीच्या तपासणीला) कुणी कुरकुर करत नाही. सगळा कोड एकदम फॉरमॅट केलात तर तो कमिट ब्लेममधून (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी गिटची सोय) वगळायच्या फाइलमध्ये टाका, नाहीतर प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव दिसत राहतं.

फीचर फ्लॅगसाठी महागडी सर्व्हिस लागतेच असं नाही, आमचं जँगो-वॉफलवर निभतं, स्वतः होस्ट करायचं तर अनलीश आहे. फ्लॅग लावणं सोपं, काढणं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि ते किती महागात पडतं याचं उदाहरण म्हणजे नाइट कॅपिटल. 1 ऑगस्ट 2012 ला या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीनं वर्षानुवर्षं न वापरलेला जुना फ्लॅग नवीन कामाला पुन्हा वापरला, नवीन कोड 8 पैकी 7 सर्व्हरवर गेला, आठव्यावर जुना मेलेला कोड त्याच फ्लॅगनं जागा झाला आणि पाऊण तासात 44 कोटी डॉलरच्या वर नुकसान. म्हणून आमच्याकडं फ्लॅगचं नाव पुन्हा वापरायचं नाही, प्रत्येक फ्लॅगला मालक आणि संपायची तारीख, आणि तो काढायचं तिकीट फ्लॅग लावतानाच तयार. तारीख उलटली की सीआय लाल होतं. कडक वाटेल, पण याशिवाय फ्लॅग निघत नाहीत.

आता ज्यावर फारसं कुणी बोलत नाही ते, मायग्रेशन. दिवसातून अनेकदा डिप्लॉय म्हणजे काही मिनिटं जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर चालणार. समजा ग्राहकांच्या टेबलमधल्या 'मोबाईल' कॉलमचं नाव बदलून 'संपर्क' करायचंय. थेट नाव बदललं की जुना कोड त्या मिनिटाला कोलमडतो, कारण जँगो क्वेरीत मॉडेलचा प्रत्येक कॉलम नावानं मागतो. मग असं करायचं: आधी नवा कॉलम, रिकामा चालेल असा. मग दोन्हीकडं लिहायचं, वाचायचं जुन्यातून. मग जुना डेटा थोडा थोडा करून वेगळ्या जॉबनं भरायचा, मायग्रेशनच्या आत नाही. मग वाचणं नव्यावर न्यायचं. जुना कॉलम रिकामा चालेल असा करायचा, मॉडेलमधून काढायचा, आणि पुढच्या डिप्लॉयमध्ये टेबलमधून. एवढ्याशा नावासाठी इतके पीआर, हो, पण एकही ग्राहक अडकत नाही आणि जुना कॉलम काढेपर्यंत कुठल्याही पायरीवर मागं फिरता येतं.

पोस्टग्रेसमध्ये अजून एक. टेबल बदलायला बहुतेक वेळा पूर्ण लॉक (तोवर ते टेबल दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही) लागतो, आणि एखादा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर मायग्रेशन त्याच्यासाठी थांबतं, आणि त्या थांबलेल्या मायग्रेशनच्या मागं साध्या सिलेक्ट क्वेरीसुद्धा अडतात. महिनाअखेरीला तर नक्कीच. लॉक टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर ठेवा, नाही मिळाला तर सोडून पुन्हा प्रयत्न. इंडेक्स कायम कन्करंटली (टेबलमध्ये लिहिणं न अडवता) बनवा, आणि ते मध्येच फेल झालं तर मागं इनव्हॅलिड इंडेक्स उरतो, तो आठवणीनं काढा.

गिटहब अॅक्शन्स (गिटहबचं सीआय) वापरत असाल तर बाहेरच्या अॅक्शन (इतरांनी लिहिलेल्या तयार पायऱ्या) टॅगवर (व्हर्जनच्या नावावर, जे नंतर दुसरीकडं वळवता येतं) ठेवू नका, पूर्ण कमिट हॅशवर (त्या कमिटच्या न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकावर) पिन करा. 2025 च्या मार्चमध्ये टीजे-अॅक्शन्सची चेंज्ड-फाइल्स ही प्रसिद्ध अॅक्शन हॅक झाली तेव्हा जुने टॅगच वाईट कोडकडं वळवले होते, आणि सीआयची सीक्रेट्स (पासवर्ड, टोकन वगैरे) लॉगमध्ये छापली जात होती.

मोबाईल अॅपला मात्र आम्ही रिलीज ब्रांच ठेवलीय. स्टोअरचा रिव्ह्यू आपल्या हातात नसतो आणि ग्राहक जुनं व्हर्जन महिनोन्महिने वापरतात, त्यामुळं फिक्स आधी मेनमध्ये, मग चेरी-पिक करून (तेवढाच कमिट उचलून) रिलीज ब्रांचवर, या उलट कधीच नाही. आणि जुन्या व्हर्जनला लागणारं एपीआय, ते व्हर्जन वापरणारे उरलेत का हे लॉगमध्ये बघितल्याशिवाय काढत नाही.