बातमीची वीण शिकवणारा ऑनलाइन कोर्स: घ्यावा का?

इंग्रजी बातम्यांचा मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून हा कोर्स घेतला. पैसे वसूल झाले ते एकाच धड्यात. तिथे आगीची बातमी उसवून दाखवलीय: आधी 'अ फायर', मग 'द ब्लेझ', पुढे नुसतं 'इट'. 'अ'चा 'द' झाला की आग तीच, हे वाचक न सांगता धरतो. 'मोरओव्हर', 'देअरफोर' असे जोडशब्द बातमीत क्वचितच लागतात, त्याचं एक कारण हेच.

हॅलिडे आणि हसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ साली मांडलेले संसक्तीचे, म्हणजे वाक्यांना जोडणाऱ्या भाषिक दुव्यांचे, पाच प्रकार मात्र घाईत उरकलेत. सुसंगतीचा, म्हणजे सगळ्या मजकुराचा मिळून एक अर्थ लागण्याचा, भाग बरा. नुसते दुवे पुरत नाहीत: मंत्र्यांचा राजीनामा, राजीनाम्याचा कागद, कागदासाठी तोडलेली झाडं... शब्दाला शब्द जोडलेला, पण बातमी कुठंय?

खटकला तो स्वाध्याय. विस्कटलेले परिच्छेद लावायचे आणि उत्तर म्हणे एकच! अहो, इंग्रजी बातमीतले बरेच परिच्छेद थेट पहिल्या वाक्याला लटकलेले असतात. प्रतिक्रिया आधी की पार्श्वभूमी, दोन्ही चालतं. माझा क्रम चूक ठरवला, कारण दिलंच नाही.

नवख्या उपसंपादकांनी जरूर घ्यावा. स्वाध्यायातले गुण मनावर घेऊ नका.