डेस्कटॉप विकून घेतलेला गेमिंग लॅपटॉप: दोन वर्षांनंतर

माझी नोकरी बांधकामाच्या साइटवरची. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस मी घराबाहेर असते. धाकटा भाऊ वेगळ्या शहरात राहतो आणि रात्री दहाला आम्ही दोघं एकत्र खेळायला बसतो. दिवसभरात आमचं निवांत बोलणं होतं ते तेव्हाच. मी साइटवर गेले की तेही बंद पडायचं, कारण डेस्कटॉप घरी. म्हणून दोन वर्षांपूर्वी तो विकला आणि १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप घेतला: आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स चिप, ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्सची स्वतःची मेमरी), १६ जीबी रॅम, १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) स्क्रीन. ब्रँडचं नाव मुद्दामच लिहीत नाही. जे सांगायचंय ते जवळजवळ सगळ्याच ब्रँडच्या लॅपटॉपना लागू होतं.

घेताना सगळ्यात जास्त वेळ मी एका आकड्यावर घालवला, तो म्हणजे ग्राफिक्सला मिळणारे वॉट. लॅपटॉपमधली ४०६० कंपनीच्या मर्जीप्रमाणे ३५ वॉटवरही चालते आणि ११५ वॉटवरही, वर थोडा बूस्ट (गरजेला मिळणारे जास्तीचे वॉट) वेगळा. खोक्यावर नाव मात्र तेच. पातळ, दिसायला सुंदर लॅपटॉपमध्ये हा आकडा बहुधा कमी असतो, आणि जाहिरातीत तो शोधावा लागतो. मी १४० वॉटपर्यंत जाणारं मॉडेल घेतलं. वापरल्यावर कळलं की माझी ४०६० खेळताना बहुतेक वेळ शंभरच्या आसपासच घेते. त्यामुळे १४० साठी अडून बसू नका, पण साठ-सत्तरवाला टाळा.

४०६० च का घेतली, त्यालाही कारण आहे. डेस्कटॉपच्या आणि लॅपटॉपच्या ४०६० मध्ये कोअर (चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग) सारखेच, ३०७२, आणि व्हीरॅमही सारखीच, ८ जीबी. एक पायरी वर गेलं की हे जुळत नाही. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ कोअर आणि १२ जीबी, तर लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ च जीबी. आणखी वर, डेस्कटॉपची ४०९० २४ जीबीची आणि लॅपटॉपची १६ ची. डेस्कटॉप कार्डाचे रिव्ह्यू बघून लॅपटॉप घेणाऱ्यांची फसगत होते ती इथे. नाव बघू नका, कोअर आणि व्हीरॅम बघा.

पहिला आठवडा मात्र वाईट गेला. गर्दीच्या जागी, सायबरपंक २०७७ मधल्या बाजारात वगैरे, गेम अडखळायचा. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) चांगले दिसत होते, तरी मध्येच एक हिसका बसायचा. खालचं झाकण उघडलं तर १६ जीबी रॅमची एकच स्टिक, शेजारचा स्लॉट रिकामा. रॅम एकाच चॅनलवर, म्हणजे दोनऐवजी एकाच वाटेने, चालत होती. तशीच दुसरी स्टिक टाकली आणि अडखळणं जवळपास गेलं. लॅपटॉप घेतल्यावर पहिला खर्च हाच करा, माउस नंतर.

आता आवाज आणि उष्णता. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण रोज जगावं लागतं ते याच्यासोबत. टर्बो मोडमध्ये, म्हणजे लॅपटॉप पूर्ण ताकदीवर ठेवला की, दोन्ही फॅन पूर्ण वेगाने फिरतात. पहिल्या रात्री भावाने माइकवर विचारलं, "ताई, तिकडे पाऊस पडतोय का?" हेडफोन लावले की मला तो आवाज त्रास देत नाही, पण साइटच्या गेस्ट हाउसमध्ये शेजारी झोपलेल्या माणसाला देतो. हात ठेवायची जागा थंड राहते. तापतो तो कीबोर्डचा मधला भाग आणि त्याच्या वरची पट्टी. डब्ल्यूच्या बटणावरचं बोट तासाभराने कोमट होतं, आणि पट्टीवर तर बोट टेकवत नाही.

उपाय दोन सापडले. मागच्या बाजूला दीड इंच जाडीचा लाकडी ठोकळा ठेवते. हवा खालून ओढली जाते, तिला वाट हवी. दुसरा उपाय विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये आहे: मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के केलं की प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे तात्पुरता वाढवलेला वेग, बंद होतो. माझ्याकडे तो ९५ अंशांवर जाऊन स्वतःच वेग कमी करायचा, आता ७८-८० वर स्थिर राहतो. आम्ही खेळतो त्या गेममध्ये चार-पाच एफपीएस गेले आणि खोलीत शांतता आली. एल्डन रिंगला तर गेमकडूनच ६० एफपीएसची मर्यादा आहे, तेव्हा तो खेळताना फॅन ऐकूच येत नाहीत. बाकीचे गेमही मी ९० वर लॉक करते. १६५ चा स्क्रीन आहे म्हणून १६५ काढायलाच हवेत असं नाही.

बॅटरीवर गेमिंग होत नाही. मॉडेल कोणतंही असो, हे पक्कं धरून चाला. माझी बॅटरी ९० वॉट-तासांची आहे. ग्राफिक्स आणि प्रोसेसर मिळून दीडशेच्या वर ओढायला लागले तर ती अर्ध्या-पाऊण तासात संपेल, म्हणून प्लग काढताच लॅपटॉप दोघांनाही आवळतो. बॅटरी फार मोठी करताही येत नाही, कारण विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतचीच नेता येते. एकदा गेममधल्या बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूशी, लढत असताना वीज गेली. डेस्कटॉप जागीच मेला असता. हा चालू राहिला, पण ६० एफपीएसचे २५ झाले आणि आम्ही हरलो. तरी सेव्ह (गेममधली जतन केलेली प्रगती) वाचला, याचं मला अप्रूप वाटलं. एरवी तो सतत प्लगलाच असतो, म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग पहिल्या दिवसापासून चालू ठेवलंय. दोन वर्षांत बॅटरी फुगलेली नाही.

वजन लॅपटॉपचं अडीच किलो, आणि अडॅप्टर म्हणजे अख्खी वीट, पाऊण किलोच्या पुढे. बॅग घेताना दोन्हींचा हिशोब करा.

घरी मी त्याला २७ इंची मॉनिटर, वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडते. माझ्या मॉडेलमध्ये मॉनिटर जोडायचा एचडीएमआय पोर्ट थेट ग्राफिक्स चिपला जोडलेला आहे, त्यामुळे प्रोसेसरमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्समधून फेरा पडत नाही. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनसाठी हेच काम मक्स स्विच करतो, तो आहे की नाही ते घेण्याआधी बघा. मॉनिटर १४४०पी चा (जास्त बारीक चित्राचा) असल्याने नव्या गेममध्ये ८ जीबी व्हीरॅम कमी पडते. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे तपशील) मीडियमवर आणि डीएलएसएस (लहान चित्र बनवून एआयने मोठं करणारं सेटिंग) क्वालिटीवर ठेवलं की चालतं.

मन खट्टू झालं ते चौदाव्या महिन्यात. डावा फॅन खरखरायला लागला. वॉरंटी बाराच महिन्यांची. सर्व्हिस सेंटरने पार्ट मागवायचा म्हणून लॅपटॉप बारा दिवस ठेवून घेतला, आणि त्या बारा दिवसांत माझ्याकडे काहीच नव्हतं. ना स्क्रीन, ना फाइली, ना रात्रीचे दहा. डेस्कटॉपचा फॅन मी स्वतः चार स्क्रू काढून अर्ध्या तासात बदलला होता, तोही कुठेही मिळणारा १२० मिलीमीटरचा. ग्राफिक्स कार्डही त्यात दोनदा बदललं. इथे चिप बोर्डावर सोल्डर केलेली. रॅम आणि एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) एवढंच आपल्या हातात. वाढीव वॉरंटी तेव्हा मला फालतू वाटली होती, आज मी ती घेतली असती.

परत आल्यापासून दर तीन महिन्यांनी झाकण उघडते. अकरा स्क्रू, त्यातले मागचे दोन लांब. फॅन आणि जाळीच्या मधे धुळीचा नमद्यासारखा थर बसतो, अख्खा उचलून निघतो. ब्रश फिरवताना पातं बोटाने धरून ठेवते, म्हणजे ते गरगरत नाही.

एकाच जागी बसून खेळणाऱ्याने हा घेऊ नये. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त वेगवान, शांत आणि दुरुस्तीला सोपा मिळतो. मला पुन्हा निवडायला सांगितलं तर मी लॅपटॉपच घेईन. उद्या पहाटे साइटवर निघायचंय. बॅगेत अडॅप्टर तळाशी गेलाय, त्यावर लाकडी ठोकळा. लॅपटॉप अजून टेबलावर आहे, दहा वाजायला वीस मिनिटं आहेत.